बेल्लाचं मुसकं

३ फेब्रुवारी, मंगळवार

परत खाल्लं.

सकाळी मागचं दार उघडं दिसलं. गेले तर बेल्ला शेवग्याच्या झाडामागे मान खाली घालून उभा. हाक मारली तशी जीभ फिरवत, शेपूट हलवत आला आणि माझा हात चाटायला निघाला! तोंडाला शीचा तो वास. ओकारी दाबत बेसिनकडे धावले. डेटॉलने हात धुतले, परत धुतले. अजून बोटांना वास येतोय असंच वाटतंय.

नेमका तेव्हाच पुण्याहून सिद्धीचा व्हिडिओ कॉल. लपवता आलं नाही. बाळाला कडेवर घेऊन तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आई, हा आता रांगतो. बेल्लाने याचं तोंड चाटलं तर?"

बावीस तारखेला बाळाचं जावळ. इथे सोलापुरात, आमच्याकडे. तोवर बेल्लाची सवय मोडा, नाहीतर त्याला मंद्रूपला काकांच्या शेतावर पाठवा — असं ठरवून मोकळी झाली. लेकीचं चुकलं कुठे तेही सांगता येत नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

झोप नाही नीट. बेल्लाचाच विचार.

दोन वर्षांपूर्वी गड्ड्याच्या जत्रेतून तो यांच्या मागे मागे घरापर्यंत आला. हाडं मोजून घ्यावीत असा. गुळाच्या रंगाचा, म्हणून यांनी कानडीत नाव ठेवलं बेल्ला. सिद्धीच्या मैत्रिणींना वाटतं काहीतरी परदेशी, फॅशनेबल नाव आहे. असू दे! सिद्धी गेल्यापासून या घरात दारापर्यंत धावत येणारं दुसरं कोण आहे?

यांना म्हटलं, काहीतरी करायला हवं, नाहीतर बेल्ला जाईल. हे पेपरात तोंड घालून बसलेले. म्हणाले, "कुत्रं हाय ते. खाणारच की."

हाय! किती वर्षांनी ऐकला तो शब्द यांच्या तोंडून. लग्न झालं तेव्हा हे मंद्रूपहून आलेले नवे मास्तर, मी रेल्वे लाइन्समधली, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. शाळेतली पोरं हसतील म्हणून मी रोज सांगायची — हाय नाही, आहे म्हणा. न्हाय नाही, नाही म्हणा. यांनी कधी राग धरला नाही. वर्षभरात जीभ अशी घासूनपुसून लख्ख केली की पुढे वक्तृत्व स्पर्धेला परीक्षक म्हणून बोलावणी यायची.

आता अलीकडे ते सगळं हळूहळू परत येतंय. कुटं, हितं, न्हाय. मी मुद्दामच टोकत नाही. छान वाटतं ऐकायला. लग्नाआधीचा, मी न पाहिलेला एक मुलगा घरातून हिंडतोय असं वाटतं.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

इंटरनेटवर म्हणे अननस घालावा जेवणात. काल दुपारी अननस आणला. बेल्लाने भाकरी-दूध चाटूनपुसून खाल्लं आणि फोडी तेवढ्या वाटीच्या कडेला लावून ठेवल्या. राहिलेला अननस यांनी खाल्ला.

मग रात्री लाल भोपळा. तो खाल्ला. उपयोग शून्य — आज सकाळी परत तोच वास.

८ फेब्रुवारी, रविवार

एक विचित्र गोष्ट. संध्याकाळी मी स्वतः बेल्लाला तलावाच्या बाजूला फिरायला नेते. तिथे त्याचं सगळं नीट होतं. करतो, मागच्या पायांनी माती उडवतो आणि वळूनसुद्धा न बघता पुढे जातो. मी मुद्दाम थांबून राहिले. त्याने ढुंकून पाहिलं नाही.

म्हणजे माझ्यासमोर नाही. माझ्या पाठीमागे, पहाटे, शेवग्याआड. इतका लबाड असेल?

सिस्टर अगाथांची डचेस आठवली. शाळेच्या व्हरांड्यात पसरलेली ती पांढरी म्हातारी कुत्री. सोमवारी रुमाल आणि नखं तपासायच्या तेव्हा सिस्टर म्हणायच्या, माझी डचेस तुम्हा सगळ्यांपेक्षा स्वच्छ आहे. ती खात असेल का काही, चॅपलच्या मागे? कुणी बघितलं होतं!

१० फेब्रुवारी, मंगळवार

जनावरांच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. डॉ. मोईन, यांचाच विद्यार्थी. यांना बघून खुर्चीतून उठला, पाया पडायला वाकला. "सर, मी मोईन. नववी ब. तुम्ही मला वर्गाबाहेर उभं करायचात." हे हसले आणि त्यालाच म्हणाले, "बसा, बसा." त्याच्याच दवाखान्यात! मोईन बसला. "सर अजून रागावलेत वाटतं," असं मला हळूच म्हणाला. मी म्हटलं, अरे, हजारो पोरं शिकवली, कितींचे चेहरे लक्षात राहणार?

बेल्लाला काही झालेलं नाही. जंत नाहीत, वजन उत्तम, तपासणी साफ. मी भीत भीत विचारलं, आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही, त्यामुळे असेल का? म्हणाला, नाही हो मॅडम, खाऊनपिऊन सुखी आहे हा.

मग सहज विचारल्यासारखं विचारलं, "तो स्वतःचंच खातो, हे तुम्ही बघितलंय का?"

म्हटलं, कंपाउंड उंच आहे, फाटक बंद असतं, मांजरसुद्धा येत नाही. दुसऱ्या कुणाचं खाणार?

"तरी एकदा बघा," म्हणाला.

काय बघायचं? रागच आला मला. औषध दे म्हटलं तर बघा म्हणे.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

नळाला पाणी आलं. कामाच्या येसूबाईंबरोबर सगळी पिंपं भरून घेतली. त्या म्हणाल्या, लई दिवस झाले, संडासातली बादली भरायची गरज पडली न्हाय, भरलेलीच हाय. चला, पाणी तरी वाचतंय कुठेतरी.

तिथला तांब्या मात्र सापडत नाही. सासूबाईंचा, जुना, बुडाशी पोचे आलेला. प्लॅस्टिकचा मग आणला तरी हे तोच वापरतात. येसूबाई म्हणतात, मी न्हाय बघितला. मी उगाच दोनदा विचारलं, त्यांना वाईट वाटलं असणार.

बेल्लाचं सांगितल्यावर त्यांनी उपाय सांगितला. शेवग्यामागे जमिनीवर लाल तिखट भुरभुरून ठेवा, तोंड लावलं की पुन्हा जायचं न्हाय. केलं. चटणीसाठी दळून आणलेलं चांगलं झणझणीत तिखट घातलं.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

बेल्ला नुसता शिंकतोय. शिंकला आणि खाल्लं!

त्यात यांचे पाय सकाळपासून जळजळतायत. तळवे लाल झालेत. खोबरेल चोळून दिलं. "अनवाणी कुठे फिरलात?" तर पाय आत ओढून घेतले. चपला घातल्याशिवाय या माणसाने कधी अंगणात पाऊल टाकलं नाही. चपलाही मग मागच्या पायरीखाली सापडल्या.

पहाटे उठून झाडांना पाणी घालायला जातात हल्ली. तिखटाचं त्यांना सांगायला हवं होतं. सगळी माझी धांदल.

येरझाऱ्या घालतेय दिवसभर. एक काम धड होत नाही. दूध उतू गेलं. बाळाचं झबलं शिवायला घेतलं, बाही उलटी लावली. बेल्ला माझ्याबरोबर या खोलीतून त्या खोलीत. मी थांबले की थांबतो.

१५ फेब्रुवारी, रविवार

महाशिवरात्र. सिद्धेश्वराला जाऊन आले. गर्दी फार, हे आले नाहीत.

परत आले तर यांनी स्वतः पोहे करून खाल्लेले! इतक्या वर्षांत शिवरात्रीचा उपास कधी मोडला नाही यांनी. तापातसुद्धा नाही. म्हटलं, अहो, आज काय आहे? म्हणाले, "काय हाय?" मग माझ्या कपाळावरचा विभूतीचा पट्टा बघत बसले. चेहरा पार उतरला. बराच वेळ देवापुढे बसून होते.

मीही तिथेच बसले. घरात काहीतरी जागेवर नाहीये असं वाटतं. काय ते सापडत नाही. एकदा हा बेल्लाचा प्रश्न सुटला की मन ठिकाणावर येईल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मडिवाळप्पांना फोन केला. यांचे चुलत भाऊ, मंद्रूपचे. शुक्रवारी टेम्पो घेऊन सोलापूरला येणार आहेत, जाताना बेल्लाला नेतो म्हणाले. मी कारण सांगितलं तर खो खो हसायला लागले.

"वहिनी, त्यात काय एवढं? गावाकडची सगळी कुत्री तेच खाऊन मोठी झाल्यात की. त्यास्नी सोताचं न्हाय आवडत, माणसाचं लई आवडतंय. आता घरोघरी संडास झाले, कुत्र्यांचे हाल बघवत न्हाईत."

मीपण हसले. फोन ठेवल्यावर रडू आलं. बेल्ला शेजारीच होता, माझ्या पावलावर हनुवटी टेकून.

दुपारी यांना सांगितलं, शुक्रवारी नेणार आहेत. हे खिडकीतून बाहेर बघत होते. म्हणाले, "ओढ्याला पाणी हाय का?" म्हटलं, कुठला ओढा? तर परत बाहेर बघायला लागले. मंद्रूपचाच मनात असणार. आपलं कुत्रं तिकडे जाणार म्हणून गाव आठवलं असेल. लहानपणी सकाळी सगळी भावंडं तांब्या घेऊन ओढ्याकडे जायची, कोण आधी पोचतं म्हणून पळत. लग्नानंतर मला रंगवून सांगायचे आणि मी नाक मुरडायची.

१८ फेब्रुवारी, बुधवार

शेवटचा उपाय.

बाजारातून तोंडाची जाळी आणली. पाणी पिता येतं, श्वास घेता येतो, खाता येत नाही. मोईनला विचारूनच आणली. आज रात्री बांधायची, सकाळी सोडायची. उद्याची आणि परवाची अशा दोन सकाळी जरी त्याने काही खाल्लं नाही तरी मी सिद्धीला सांगू शकेन, मोडतेय गं सवय, राहू दे त्याला.

बांधताना बेल्लाने मान पुढे केली. नुसता डोळ्यांत बघत राहिला. मीच दोनदा काढली, दोनदा घातली.

हे मात्र चिडले. इतके चिडलेले मी कधी पाहिले नाहीत. "मुसकं कशाला बांधलंस? बैल हाय का त्यो? सोड त्याला." मी समजावलं, तुमच्या नातवासाठी करतेय, बेल्ला आपल्याकडेच राहावा म्हणून करतेय. "मग ते तिथंच पडून ऱ्हाईल," म्हणाले. काय पडून राहील, विचारलं. तोंड फिरवून झोपले.

राग माझ्यावर आहे, की बेल्लाची दया आली?

मीही पडते आता. पहाटे उठून स्वतः बघणार आहे. मोईन म्हणाला होता तसं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

मुसकं जागेवर होतं. बेल्ला माझ्या पलंगाखालून हललाच नाही. तरी शेवग्यामागे ताजं पडलेलं होतं. त्याच्याजवळ सासूबाईंचा तांब्या, रिकामा. आणि जरा अलीकडे यांच्या चपला, देवळाबाहेर ठेवाव्यात तशा जोडून.

मुसकं सोडून टाकलं. मडिवाळप्पांना फोन केला, येऊ नका, बेल्ला कुठेही जाणार नाही. सिद्धीला केला, जावळाची वाट बघू नकोस, आजच निघ, बाबांना डॉक्टरांकडे न्यायचंय.

पण हे सगळं नंतर. त्याआधी मी तिथे तांब्या हातात घेऊन उभी होते तेव्हा हे मागच्या पायरीवर येऊन उभे राहिले. अनवाणी. माझ्याकडे न बघता म्हणाले, "ओढ्याकडं जाऊन आलो."

मी म्हटलं, "व्हय."