बेहड्याचा पहिला घाव

२१ मे
महाडहून सकाळीच कटिंगवर, डोंगर कापून रूळ टाकलेत तिथे. वरच्या देवराईतला बेहडा आणखी कलला. मुळं उघडी, खाली सरळ रूळ. पाऊस लागला की खाली येणारच. गाडीवर आला तर... नको तो विचार. झाड देवस्थानच्या जमिनीत, रेल्वेच्या हद्दीबाहेर, म्हणजे गावाची संमती हवी. गाव माझंच. आई अजून तिथे बौद्धवाडीत राहते.

२३ मे
गुरवाकडे गेलो. म्हणे, "देवाला इचारल्याशिवाय फांदीपण तोडता येत नाय." विचारा म्हटलं, पण लवकर. तिथे गाड्या हळू न्यायला लावल्यात, त्यावरून मोठे साहेब फोनवर उखडले. "झाड तोडा, नाहीतर वेगमर्यादा उठवा." एसीत बसून बोलायला यांचं काय जातंय!

२७ मे
आज कौल. देवाच्या दगडाला ओल्या कळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर तोडा, डावी पडली तर हात लावू नका. मी बाहेर, उन्हात. आत या कुणी म्हटलं नाही, मीही गेलो नाही. दुपार टळली तरी एकही पडेना. गाडीभर माणसांचा जीव, आणि आम्ही कळीकडे बघत बसलोय. डोकं फिरायची वेळ आली.

३० मे
पुन्हा कौल लावला. उजवी पडली! आमचा गँगमन सखाराम, त्याच गावचा, धापा टाकत सांगायला आला. सुटलो बुवा. करवतवाले उद्या.

३१ मे
कसले सुटलो. करवतवाले आले, झाड बघितलं, विड्या ओढल्या, परत गेले. पहिला घाव घालणाऱ्याला दोष लागतो म्हणे. सखारामला म्हटलं, तू घाल. त्याची मान खाली. "साहेब, पोराबाळांचा माणूस हाय मी."
मग गुरवाने तोडगा काढला, सगळ्यांसमोर, अगदी गोड बोलून. "पहिला घाव तुमीच घाला. तुमाला आमचा देव लागत नाय."
याच्या आजाने माझ्या आजोबांना त्या राईच्या सावलीत टेकू दिलं नव्हतं. आता देव लागत नाही म्हणून मी कामाचा! असा संताप आला! तसाच निघून आलो.

२ जून
आईला सांगितलं. जेवता जेवता थांबली. "कुऱ्हाड हातात घेऊ नको रे. आपण मानत नाय, पण ती मानतात. उद्या कुणाची म्हैस मेली, कुणाचं पोर तापलं, तर नाव तुझं घेतील. तू बसशील महाडात. ऱ्हायचं इथं मला हाय."
म्हटलं, थोडे दिवस पोलादपूरला मावशीकडे जा.
"का? मी काय केलंय?"


४ जून
गुरवाला म्हटलं, दोघं मिळून घालू. एकच कुऱ्हाड, तुझे हात आणि माझे. जो काय दोष असेल तो दोघांना. तर म्हणे, "घरात इचारतो."
देवाला विचारून झालं, आता घरात!

६ जून
पहाटेपासून पाऊस. सखारामचा फोन, "साहेब, माती सुटली हाय. मालगाडी गेली तवा झाड हललं." दोन्हीकडच्या गाड्या थांबवल्या. करवतवाले कटिंगच्या तोंडाशी तयार बसलेत, पण पहिला घाव पडल्याशिवाय उठणार नाहीत.
गँगच्या चौकीत बसून लिहितोय. गुरवाला निरोप धाडलाय. तो येत नाही. ठरवलं, मीच घालतो, काय व्हायचं ते होऊ दे. उठलो तर दारात आई. ओलीचिंब. घरची कुऱ्हाड घेऊन आलीय.
"तू नको. मी घालते. नायतरी नाव माझंच घेणार हायत."
कुऱ्हाड मागतोय. देत नाही.