कोऱ्या कार्डाचे तीन बुके

प्रिय घुम्या,

फोन करायचा सोडून आई पत्र का लिहितेय, असं तुला वाटेल. सांगते. फोनवर मी दहा वाक्यं बोलले की तुझ्याकडून एक 'हं' येतो, आणि तो नेमका कशाला होता हे ना तुला ठाऊक असतं ना मला. पत्राला हं म्हणून सुटता येत नाही. हे तू शेवटपर्यंत वाचायचं आहेस, आणि बसून वाचायचं आहेस. गावात एक गोष्ट घडली आहे. दाताच्या दवाखान्यात काउंटरवर बसणारी ती मुलगी, तिला एक तारखेपासून येऊ नकोस म्हणून सांगितलंय. सहा वर्षांची नोकरी गेली, आणि कशापायी, तर फुलांपायी. तीही माझ्या दुकानातली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली आहे. तुझे बाबा म्हणाले, लिहायचं तर शांत डोक्याने लिही. डोकं मी पत्र संपल्यावर शांत करीन.

मुलगी तुला आठवत असेलच. शिंपीकाकांची थोरली. तुझे शाळेचे सगळे गणवेश त्यांनीच शिवले, आणि पोरगं वाढतं आहे म्हणून पँट इतकी ऐसपैस शिवायचे की तुझ्यासारखे दोन मावले असते. आता त्यांना सुईत दोरा ओवता येत नाही, घर तिच्या पगारावर चालतं. उन्हाळ्यात दाढेसाठी तू चार वेळा त्या दवाखान्यात गेलास, तेव्हा तुझ्या वेळा तिनेच लिहून घेतल्या असतील. खरं विचारशील तर दवाखाना तीच चालवते. डॉक्टर दात काढतात, बाकी सगळं तिच्याकडे. कुणाची कवळी कधी येणार, कुणाला सुईची भीती वाटते, कुठल्या आजोबांना वाट बघताना दाराजवळची खुर्चीच लागते, सगळं तिला पाठ. मी दात साफ करायला गेले होते तेव्हा खुर्चीत माझे हात गार पडले, तर ही बाहेरचं काम टाकून आत आली आणि माझ्या शेजारी उगाचच कपाट आवरत उभी राहिली. सोबत करतेय असं दाखवलं नाही, पण केली.

आता फुलांचं ऐक. शहरातल्या त्या वेबसाइटवाल्या कंपनीने आपल्या दुकानाला जोडून घेतलं, हे मी तुला फोनवर दोनदा सांगितलं होतं. दोन्ही वेळा तू हं म्हणालास. माणूस कुठेही बसून बुके मागवतो आणि कंपनी तो त्या त्या गावातल्या फुलवाल्याकडून करून घेते. आपल्या गावात बुके करणारी एकच, मी. मोबाइलवर ऑर्डर येते, तीत पत्ता असतो, फुलं कुठली, कार्डावर काय लिहायचं, आणखी काही सूचना असेल तर ती. पाठवणाऱ्याने नाव झाकायला सांगितलं असेल तर ते मलाही दिसत नाही. सोय चांगली आहे, असं मला पहिला महिनाभर वाटत होतं.

गेल्या महिन्यात एका गुरुवारी अशी ऑर्डर आली. दाताचा दवाखाना, काउंटरवरच्या मुलीसाठी. पिवळे गुलाब, पांढरी शेवंती. निशिगंध नको, तिचं वासाने डोकं दुखतं. रबरबँड लावू नये, सुती पट्टीने बांधावं, गाठ मागच्या बाजूला. कार्ड कोरं ठेवावं. नाव झाकलेलं. मी तर हरखलेच. लोक मला चमकी मारायला सांगतात, कापसाचं अस्वल खोचायला सांगतात, कुणी एकाने गुलाबांवर निळा रंग फवारायला सांगितलं होतं. रबरबँडने देठ चिमटतात आणि फूल दोन दिवस आधी मान टाकतं, हे ठाऊक असलेलं गिऱ्हाईक मला एवढ्या वर्षांत भेटलं नव्हतं. कुणीतरी जाणकार आहे म्हटलं. जीव ओतून बांधला तो बुके आणि स्कूटरवरून स्वतः नेऊन दिला. तिचा चेहरा बघायला हवा होतास. कुणी पाठवला, तिने विचारलं. मी म्हटलं, ठाऊक नाही बाई. तिने पाणी प्यायच्या तांब्यात तो ठेवला आणि दिवसभर तिच्या टेबलावर होता म्हणे.

पुढच्या गुरुवारी दुसरा. तेव्हा वाट बघत बसलेले सहा जण होते आणि सहाही जणांची दाढ दुखायची थांबली. कोण असेल यावर अंदाज सुरू झाले, ते तिथून किराणावाल्याकडे आले, किराणावाल्याकडून माझ्याकडे. तुला आपलं गाव माहीत आहे. इथे कुणी नवी छत्री घेतली तरी दोन दिवस विषय पुरतो. मुलगी लाल होऊन मान खाली घालून वेळा लिहीत राहिली. तेव्हाच मला कळायला हवं होतं. पण खरं सांगते, मला मजा वाटत होती. कुणाचं तरी जमतंय आणि आपल्या हातून जमतंय, असा एक हुरूप असतो या धंद्यात.

तिसऱ्या गुरुवारी डॉक्टरीणबाई तिथे होत्या. म्हणजे डॉक्टरांच्या मिसेस, स्वतः डॉक्टर नाहीत, पण गाव म्हणतं म्हणून आपणही म्हणायचं. त्यांनी बुके हातात घेतला, कार्ड काढलं, उलटसुलट केलं. कोरं. तीन आठवडे फुलं पाठवतो आणि नाव लिहीत नाही, म्हणजे ज्याला नाव लिहिता येणार नाही असाच कुणीतरी, हे त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं. आणि असा माणूस त्यांच्या डोळ्यांसमोर एकच होता, आतल्या खोलीत कुणाचा तरी जबडा उघडून उभा.

संध्याकाळी त्या दुकानात आल्या. कोण पाठवतंय ते सांगा म्हणाल्या. आता इथे मी काय केलं ते ऐक, कारण रागवायचं तर मी स्वतःलाही सोडणार नाही. मला सरळ म्हणता आलं असतं की मला माहीत नाही. खरंही तेच होतं. पण त्यांचा तो चढा सूर ऐकला आणि माझं नाक वर झालं. मी म्हटलं, आमच्या दुकानात गिऱ्हाइकाचं नाव सांगायची पद्धत नाही. झालं. त्यांनी ऐकलं ते असं, की हिला माहीत आहे आणि ही लपवतेय, आणि लपवतेय म्हणजे लपवण्यासारखंच आहे. चेहरा पांढराफटक पडला त्यांचा. मला कळेपर्यंत त्या पायऱ्या उतरून गेल्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी मुलीला सांगितलं, एक तारखेपासून येऊ नकोस. डॉक्टरांनी काय केलं म्हणशील, तर काही नाही. मी पाठवले नाहीत, असं एकदा बायकोला म्हणाले, आणि तिने विश्वास ठेवला नाही म्हटल्यावर मूग गिळून बसले. घरात शांतता हवी ना. ती या पोरीच्या नोकरीने विकत घेतली. सहा वर्षं जिच्या जिवावर दवाखाना चालला तिच्यासाठी या गृहस्थाला चार वाक्यं जास्त बोलता आली नाहीत. माझी एक दाढ आताशा ठणकते. ठणकू दे. मी त्या खुर्चीत पुन्हा बसणार नाही.

आणि गाव. गाव आता म्हणतं, आग असल्याशिवाय धूर निघतो का. काल-परवापर्यंत ज्यांची कवळी तिने आपल्या हाताने पुसून डबीत घालून दिली तेच म्हणतात. शिंपीकाका आठ दिवस झाले घराबाहेर पडलेले नाहीत. मुलगी मात्र रोज कामावर जाते, एक तारखेपर्यंतचे दिवस आपले आहेत म्हणते. बुधवारी ती माझ्याकडे आली होती. रडली नाही. म्हणाली, काकू, मला पाठवणाऱ्याला बोल लावायचा नाही, त्याने वाईट मनाने केलं असंही मला वाटत नाही. फक्त नाव कळलं तर मला ते काउंटरवर उभं राहून सांगता येईल. मी तिला तेव्हा छातीवर हात ठेवून सांगितलं की मला खरंच माहीत नाही, आणि तिला ते पटलं.

काल गुरुवारी चौथी ऑर्डर आली. फुलं तीच, पट्टी तीच, गाठ मागे. यावेळी कार्डावर मजकूर होता. 'दाढ बरी झाली, तरी यावंसं वाटतं.' मी जुन्या चादरीची पट्टी फाडत होते. हात तिथेच थांबले, रे. त्या टेबलाशी बसून पट्ट्या फाडायला मी आयुष्यात एकाच माणसाला शिकवलं आहे. सातवीत होता. गाठ पुढे मारायचा, आणि मी ओरडायची, मागे मार, मागे मार, गाठ दिसता कामा नये. तीन आठवडे जाणकार गिऱ्हाईक म्हणून मी ज्याचं कौतुक करत होते तो माझ्याच पोटचा निघाला. कंपनीची गाडी शहरातून फुलं घेऊन येते, असं तुला वाटलं असणार. दोनदा सांगितलेलं दोनदा ऐकलं नाहीस, दुसरं काय.

प्रेमात पडलास याची माझी तक्रार नाही. उलट मुलगी पाहिलीस ती मी पाहिली असती त्यापेक्षा सरस पाहिलीस. निशिगंधाने तिचं डोकं दुखतं हे तुला ठाऊक आहे, म्हणजे तू कुणाचं तरी ऐकतोस, हे कळून मला बरंसुद्धा वाटलं. लाजतोस, तेही मला मान्य. घुम्या हे नाव मीच ठेवलंय. पण तू याच गावात वाढलास ना? कोऱ्या कार्डाचं इथे काय होतं हे तुला मी सांगायचं? फुलं पोचली, तिचा चेहरा फुलला असेल, असं मनात आणून तू तिकडे खुशाल राहिलास, नामानिराळा. बघणारी चार तोंडं तिच्या समोर होती, तुझ्या नाही. तिला नकार द्यायचीसुद्धा सोय तू ठेवली नाहीस. नकार द्यायचा तर कुणाला देणार होती ती? याला मी लाजाळूपणा म्हणत नाही. भित्रेपणा म्हणते, आणि आई आहे म्हणून एवढ्यावरच थांबते.

चौथा बुके मी नेला नाही. तो मागे बादलीत आहे. आज सकाळी दवाखान्यात जाता जाता ती पुन्हा आली, दारातूनच विचारलं, काही कळलं का काकू. बादली माझ्या पायाशी होती. नाव तोंडाशी आलं होतं, आणि मी म्हटलं, नाही बाई, अजून नाही. तिने मान हलवली आणि गेली. परवापर्यंत मी गप्प होते ती माहीत नव्हतं म्हणून. आज मी त्या पोरीच्या तोंडावर धडधडीत खोटं बोलले, तुला वाचवायला. दुकान काढल्यापासून या काउंटरवरून शिळं फूल ताजं म्हणून दिलं नाही मी. तुझ्यापायी हे करावं लागलं याचा संताप मला कुठे ठेवू ते कळत नाही.

म्हणून हे पत्र टपालात टाकलं नाही. ते घेऊन बाबा स्वतः आले आहेत. तू हे वाचतोयस तेव्हा ते समोर बसले असतील आणि इकडे तिकडे बघत असतील. त्यांना आधी चहा दे, मग कपड्यांची बॅग भर आणि रविवारच्या परतीच्या गाडीत त्यांच्या शेजारी बस. सोमवारी दवाखाना नऊला उघडतो. वाट बघणारे आत बसले की जायचं, रिकाम्या खोलीत नाही. आधी तिला सांग, मग डॉक्टरीणबाईंना, त्या आताशा रोज सकाळी तिथेच असतात, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात, की तिन्ही वेळा फुलं मी पाठवली आणि हिला काही माहीत नव्हतं. तिची नोकरी राहील की नाही, मला सांगता येत नाही. ती तुझ्याकडे बघेल की नाही, तेही नाही. तिने रागावून चार शब्द सुनावले तर उभं राहून ऐकायचे, हं म्हणायचं नाही. आणि तू आला नाहीस, तर सव्वानऊला मी तिथे जाईन आणि माझ्या मुलाचं नाव मी सांगेन. मग पुढे तू त्या दवाखान्याच्या रस्त्याने कसा जाणार ते तुझं तू बघ. फुलं आणू नकोस. फक्त तोंड घेऊन ये.

तुझीच, आणि म्हणूनच एवढी चिडलेली,
आई