गोदा एस.टी.त चढलीच नाही

गुलमंडी, औरंगाबाद
फाल्गुन शुद्ध दशमी

प्रिय अमिना,

खोटारडी आहेस तू. सात वर्षं मला फसवलंस आणि वर दर पत्रात विचारतेस, मनू खुशाल आहेस ना. नाही मी खुशाल. चार दिवस झाले, भाकरी गोड लागत नाही. आणि आधीच सांगते, हे पत्र तुझ्या हातानं फोडायचं आणि तुझ्याच डोळ्यांनी वाचायचं. सुनेच्या हाती द्यायचं नाय. दुसरीपर्यंत शिकलेल्या माझ्यासारख्या बाईनं दोन दिवस बसून लिहिलंय. अक्षर वाकडं असंल, पण तूच गिरवून घेतलंस, तेव्हा तुला लागंल.

झालं काय ते ऐक. कॉलेजच्या चाळीस पोरी चार दिवस म्हैसमाळला तंबू ठोकून राहणार होत्या, त्यांच्या स्वयंपाकाला मी आणि भागूबाई गेलो. घरी गाद्या असताना दगडावर सतरंजी टाकून झोपायला एवढ्या लांब कशाला यायचं, हे मला अजून कळालेलं नाही. विचारलं तर पोरी नुसत्या हसतात. फाल्गुन लागला तरी पहाटे तिथं दात वाजतात. वारा असा की तीन दगडांची चूल पेटू देईना. शेवटी भागूबाई पत्रा धरून आडवी बसली तेव्हा कुठं चहाला उकळी आली. तिचं अंग असं कधीतरी कामाला येतं. पण दुपार लई चांगली. पोरी डोंगर चढायला गेल्या की सगळं शांत. खाली उतारावर पळसाला एक पान नाही, नुसती फुलं. मी तिथं वांगी चिरत बसायची. तू असतीस तर म्हणाली असतीस, मनू, वर बघ जरा. आणि मी म्हणाले असते, वर बघून बोट कापून घेऊ का.

पोरींना शिकवणाऱ्या बाईंनी कादंबऱ्यांची एक पेटी आणली होती. प्रत्येक पोरीनं एक वाचायची आणि संध्याकाळी शेकोटीपाशी सगळ्यांना सांगायची. पोरींच्या तंबूत दव शिरायचं, म्हणून पेटी माझ्या तंबूत, पिठाच्या पोत्याशेजारी. तिसऱ्या दिवशी दुपारी पीठ काढायला गेले तर सगळ्यात वर लाल पुठ्ठ्याची आपली कादंबरी. पहिल्याच पानावर गोदाचं नाव. मला इतका आनंद झाला, जशी माहेरची बाई बाजारात भेटावी. म्हटलं, आता अमिना परभणीला लेकाकडं असली तरी काय, माझी मी वाचते. पहिली पानं सोडली, मला पाठच होती. शेवटाकडं गेले आणि बोट ठेवून एक एक ओळ वाचायला लागले.

तुला आठवतं ना, ती आपण गच्चीवर बसून ऐकली होती? तू लाटलास की पापडाचा नकाशा व्हायचा. म्हणून सगळ्या बायांनी ठरवलं, अमिनानं वाचायचं आणि अमिनाच्या वाटचे पापड आपण लाटायचे. त्या वर्षी माझी चतुरा गेली होती. म्हणजे जिवंत होती, चितेगावला होती, कंपनीतल्या पोराशी आपल्या मनानं लग्न करून. पण मी तिच्या नावानं अंघोळ केली होती. मेलेल्या माणसाची करतात तशी, डोक्यावरून. गल्लीत कुणी तिचं नाव काढलं की मी उठून जायची. यांनी तर बोलणंच सोडलं होतं, जेवायचे आणि भिंतीकडं बघायचे. तू मला एक शब्द बोलली नाहीस. त्या वाचनालयातनं ती कादंबरी घेऊन आलीस, बस.

त्यात गोदाची लेक अशीच गेलेली. लेक दिवसात आहे असं कळतं आणि गोदा डिंकाचे लाडू पदरात बांधून स्टँडवर जाऊन बसते. तू वाचत होतीस आणि आमची लाटणी थांबलेली. एस.टी. येते, गोदाचा पाय उचलत नाही, आणि कंडक्टर खेकसतो, मावशी, चढायचं असंल तर चढा, नसंल तर बाजूला सरा. आणि गोदा चढते. खिडकीशी बसते. लाडू फुटू नयेत म्हणून मांडीवर धरते. मी हसले आणि नाक पुसलं, म्हणाले उडदाचं पीठ नाकात गेलं. त्याच गुरुवारी मी डिंकाचे लाडू घेऊन चितेगावच्या गाडीत बसले. चतुराला सातवा होता. तिनं दार उघडलं, माझ्या हातातलं गाठोडं बघितलं आणि म्हणाली, पाय धुवायला पाणी देऊ? मी म्हणाले, दे, आणि ते पातेलं कसलं घासलंयस, आण इकडं. झालं. आता तिचा बन्सी शाळेत जातो आणि रविवारी आजीच्या घरी आला की आजोबाच्या खांद्यावरून उतरत नाही.

आता पुस्तकात काय आहे ते मी तुला वाचून दाखवू? एस.टी. येते. एस.टी. जाते. गोदा लाडवाचं गाठोडं बाकावर ठेवते आणि पायी घरी येते. संपलं. कंडक्टर बिंडक्टर कुणी नाही. मला वाटलं पानं फाटलीत. शिवण उलटून बघितली, सगळी जागच्या जागी. मग त्यांच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, कादंबरी इथंच संपते मावशी, त्यातच तिचा मोठेपणा आहे. म्हटलं, डोंबलाचा मोठेपणा, तिकडं लेक वाट बघतीय. तेवढ्यात वरण करपलं. चाळीस पोरींचं वरण, अमिना! आयुष्यात पहिल्यांदा. पोरींनी करपलेलं खाल्लं आणि छान झालंय म्हणाल्या. त्याही खोटारड्याच.

राग कशाचा आला ते सांगते. मला वाटायचं, मी माझ्या मनानं गेले. आणि तू पुस्तकात तोंड घालून, समोर काहीच लिहिलेलं नसताना, एक अख्खा कंडक्टर उभा केलास! मी मला ओळखते. खरा शेवट वाचला असतास तर मीही गोदासारखी माघारी आले असते आणि वर म्हणाले असते, बघा, पुस्तकात पण असंच आहे. एवढं तू मला ओळखलंस आणि सात वर्षं पोटात ठेवलंस. मला सांगायचं होतंस गं. मी काय तुला खाल्लं असतं?

चौथ्या दिवशी तंबू गुंडाळले. खाली यायला टेम्पो होता, आणि चालवणारा कोण, तर तुझा भाचा फारूख. मी त्याच्यापाशी तुझ्यावर तोंड सोडलं. म्हटलं, तुझी खाला अशी नि तशी, आणि वर मागची दोन पत्रं सुनेच्या हातनं लिहवून पाठवते, एवढी कसली मिजास. त्यानं टेम्पो हळू केला. मग म्हणाला, खाला को कुच्छ नै दिखता अब, मोतीबिंदू हुआ. डॉक्टर का नाम लिये तो रोती. खुलताबाद येईपर्यंत भागूबाईनं दोनदा विचारलं, अगं बरं वाटत नाही का.

म्हणून हे पत्र. वर लिहिलं की तूच वाच, ते चिडून लिहिलं, खोडत नाही. वाचतीय शहजादी, मला माहीत आहे. तर शहजादी बेटा, ऐक. मी लिहिलंय तस्संच वाच, तुझ्या सासूला बरं वाटावं म्हणून एक अक्षर बदलू नकोस, त्यांच्या घराण्याला ती खोड आहे. अमिना, तुझ्या अम्मीचा डोळा ऑपरेशनात गेला त्याला चाळीस वर्षं झाली. आता मोतीबिंदू काढून बाया तिसऱ्या दिवशी तांदूळ निवडायला बसतात, आमच्या चतुराच्या सासूला मी स्वतः बघितलंय. पाडव्यानंतरच्या सोमवारची डोळ्याच्या डॉक्टरची वेळ मी घेऊन ठेवलीय. पट्टी सुटेपर्यंत माझ्याकडं राहायचं. मी वाचीन, बोट ठेवून, हळू, आणि माझ्या वाटचे पापड तू लाटायचे, नकाशे झाले तर झाले. गोदाचं पुस्तक मी त्या बाईंकडून मागून आणलंय. त्याच्या शेवटी काय वाचायचं ते मी ठरवीन. तुला न्यायला मी परभणीच्या स्टँडवर येईन आणि गाडी लागली की एकदाच म्हणीन, चढायचं असंल तर चढ, नसंल तर बाजूला सर. रंगपंचमीच्या आत उत्तर पाहिजे. शहजादीच्या अक्षरात चालंल, पण शब्द तुझा पाहिजे: चढतेस का नाय?

तुझीच,
मनकर्णा