चष्मा घरी राहिला

जुन्नर,
८ डिसेंबर २०२४

प्रिय सिद्धी,

तुझे दोन्ही मेसेज वाचले आणि दोन्ही वेळा नुसता अंगठा पाठवून मोकळी झाले. म्हणून आज कागद घेतला. मंचरला सगळे बरे ना? काकांचा गुडघा कसा आहे? उगमबाई आजींना माझा नमस्कार सांग. इकडे थंडी कडाक्याची. सकाळच्या एसटीची खिडकी लागत नाही, शाळेत पोचेपर्यंत माझं नाक गळायला लागतं.

तू विचारलंस, वह्यांचं काय झालं? बी.एड.च्या मैत्रीचा फायदा घेऊन तुझ्या दुकानातून चाळीस वह्या फुकट उचलल्या, तेव्हा विचारायचा हक्क तुझाच.

सुरुवात छान झाली होती. नववीच्या पोरांना आजवर निबंध म्हणजे फळ्यावरून उतरवून घ्यायचा मजकूर. मी सांगितलं, या वहीत काहीही लिहा. मार्क नाहीत, चुका काढणार नाही, माझ्याशिवाय कुणी वाचणार नाही. महिनाभर कोरी पानं. मग एकीनं बिबट्यानं नेलेल्या शेळीवर लिहिलं. मोहित म्हणून एक आहे, तो तर पुस्तकांच्या कपाटाची किल्ली मागायला आला. किल्ली मुख्याध्यापकांकडे. "बाई, पुस्तकं फाटली तर तपासणीला काय दाखवू?" वाळवीनं खाल्ली तर चालतात! वर रोजचं पालुपद, सिलॅबस किती झाला. डोकं फिरतं गं.

मुख्याध्यापकांवर एवढी शाई खर्च करतेय, कारण पुढचं सांगायचं जिवावर आलंय.

दिवाळीनंतर पालकसभा झाली. सर म्हणाले, या वह्यांचा उपयोग काय तो पालकांना दाखवा, नाहीतर बंद करा. मला चेव आला. सगळ्यांत चांगलं पान आरोहीचं होतं. चांगलं लिहिलं की सगळ्यांपुढे वाचून दाखवायचं, शाबासकीची हीच रीत आपण लहानपणापासून पाहिलेली. नाव घेतलं नाही की झालं, असं मी ठरवून टाकलं. वाचलं:

"कुणी कागद दिला की माझी आई म्हणते, चष्मा घरी राहिला, तूच वाच. आमच्या घरी चष्माच नाही. मी हे कुणाला सांगत नाही. मी वाचते तेव्हा ती माझ्या तोंडाकडे बघत राहते."

चष्म्यावर सभा हसली. मला वाटलं, दाद मिळाली. मी आवाज आणखी चढवला. मी पडले जुन्नरची, एसटीनं येणार-जाणार. हे चष्म्याचं वाक्य गावातल्या बायकांनी एकीच्याच तोंडून वर्षानुवर्षं ऐकलेलं, हे मला कुठलं ठाऊक! सगळ्या माना तिसऱ्या ओळीकडे वळल्या. तिथली बाई खाली बघून पदर सारखा करत होती. आरोही दाराशी चहाचा ट्रे घेऊन उभी होती.

"मी हे कुणाला सांगत नाही" हेसुद्धा मी वाचलं, सिद्धी. मोठ्यानं.

आठवड्यानं त्यांच्या शेतावर गेले. कांद्याची लागण चालली होती. तिची आई चिखलाच्या हातांनीच बांधावर आली.

"बाई, पोरीनं लिव्हलं ते खरंच व्हतं. पन तिनं ते तुमाला सांगितलं व्हतं, गावाला न्हाई."

मी माफी मागितली.

"माझं लई काय न्हाई. पन आता ती मला कायबी वाचून दावत न्हाई. तिची माफी मागा."

त्याला मला आणखी आठ दिवस लागले. बाईनं पोरीची माफी मागायची, जीभच रेटेना. लाज वाटते सांगायला. शेवटी परवा व्हरांड्यात गाठून मागितली. "असू द्या, बाई," म्हणाली आणि वर्गात पळाली.

बाकीच्या वह्याही थांबल्यात. मोहितनं "बाई, परत सभा कधी हाय?" विचारलं आणि वही टेबलावर ठेवून गेला. मुख्याध्यापक मात्र खूश आहेत, सिलॅबस पुढे सरकला म्हणून.

काल चाचणीत निबंध होता, 'माझी आई'. विषय सरांनी काढलेला. आरोहीचा पेपर आत्ता माझ्यापुढे आहे. गाइडमधला उतारा, जसाच्या तसा: "माझी आई सुशिक्षित व प्रेमळ आहे. ती रोज सकाळी वर्तमानपत्र वाचते आणि मला थोरामोठ्यांच्या गोष्टी वाचून दाखवते."

अक्षर सुरेख. चूक एकही नाही. दहापैकी नऊ द्यावे लागले.

शाबासकी देऊन पोर गप्प करणारी,
तुझी स्नेहल