नवसीच्या कोयत्याचा काप

बोईसर,
१२ फेब्रुवारी १९६७

प्रिय विश्राम,

माझं नाव पाहून तू हे पत्र चुलीत घालशील अशी धास्ती आहे. घालायचंच असेल तर आधी वाचून मग घाल. सफाळ्याचा एक माणूस भेटला होता. त्याच्याकडून कळलं की तू हल्ली वैतरणेच्या खाडीत रेतीच्या होडीवर जातोस, आणि काशीमावशीचे गुडघे अजून दुखतात. परभणीहून आलो तेव्हा इथं माझ्या ओळखीचं कुत्रंही नव्हतं. मावशीने मला दोन पावसाळे जेवू घातलं, आणि मी तिच्याच लेकाच्या अन्नात माती कालवली. हे मी विसरलो असेन असं तुला वाटत असेल, तर तसं नाही.

मी इथंच आहे. घिवलीच्या अलीकडे वसाहतीसाठी आपण खणलेली ती विहीर आता बांधून झाली. तिच्या तळातून निघालेला काळा गाळ मात्र डब्यांत भरून बोईसरच्या पत्र्याच्या शेडमध्ये माझ्याबरोबर राहतो. सरांनी मला त्याचा राखणदार म्हणून कायम केलं. तुला आठवतं, पुण्याहून हा प्राध्यापक चिखल धुवायला आलाय म्हणून आपण किती हसलो होतो? आता तो चिखल मला तोंडपाठ आहे. कुठल्या डब्यात तिवराची मुळं, कुठल्यात लव्हाळ्याचं बी, कुठल्यात भोकराच्या आठळ्या, डोळे मिटून सांगतो. सर म्हणतात, आज जिथं वाळू उडते तिथं तेव्हा दलदल होती, पलीकडे तिवरांचं रान होतं आणि शेती ठाऊक नसलेली माणसं इथं कंद उकरून, बिया भाजून, सालींचे दोर वळून जगत असणार. ‘असणार’ असं ते पूर्वी म्हणायचे. गेल्या वर्षीच्या जानेवारीपासून ‘जगत होती’ म्हणतात, आणि त्याला कारण मी आहे.

त्या दुपारी वारा बोचरा होता. गाळापासून पन्नास पावलांच्या आत ना जाळ ना जेवण, हा सरांचा नियम, आणि तो पाळायला लावणारा मुकादम मीच. तरी मीच म्हणालो की गाळाच्या ढिगाच्या आडोशाला चूल मांडा, सर पालघरला गेलेत. आपल्या चाळणीवरच्या नवसीने कडूकांदे आणले होते. तिने ते कसे केले हे मी तिला मुद्दाम विचारलं होतं, कारण हा जंगलातला कंद नुसता उकडून खाल्ला तर माणूस ओकून ओकून आडवा होतो. पातळ काप करायचे, राख घातलेल्या पाण्यात उकडायचे, मग टोपलीत घालून रात्रभर वाहत्या ओहोळात ठेवायचे. साचलेलं पाणी चालत नाही. आपण ते काप निखाऱ्यावर गरम करून खात होतो आणि एक घसरून विस्तवात पडला, कोळसा झाला. तेवढ्यात सरांची जीप दिसली. मी पायाने चूल मोडली, राख आणि निखारे ढिगाच्या पायथ्याशी ढकलून वर गाळ लोटला. तासाभराने बायांनी तोच गाळ घमेल्यांत भरून चाळणीवर नेला. माझं तोंड तेव्हाच उघडायला हवं होतं.

चाळणीत तो काळा काप निघाला तेव्हा सरांनी तो तळहातावर घेऊन उन्हात धरला. सुरीने कापल्यासारखी सरळ कड, म्हणजे माणसाचा हात. त्यांनी सगळ्यांकडे पाहून विचारलं की इथं कोणी जाळ केला होता का, आणि मी पहिला बोललो. नाही सर, म्हणालो. तू लेबलं लिहीत होतास. तू पेन्सिल खाली ठेवलीस आणि सरळ म्हणालास, ‘सर, ह्यो आमचा दुपारचा कांदा हाय, खोटं कशाला बोलू.’ मग मी जे बोललो ते तुला पुन्हा ऐकवत नाही. कामचुकार म्हटलं, सरांच्या यशावर जळतो म्हटलं, दारूचाही उल्लेख केला. तू थेंबाला शिवत नाहीस हे मला माहीत होतं. सरांनी मुकादमावर विश्वास ठेवला. तू गेलास. त्या डब्यावर तुझ्या अक्षरात नुसती तारीख आहे, खाली वस्तूचं नाव तू लिहिलंच नाहीस, आणि ती मोकळी जागा मला रोज दिसते.

तेव्हा वाटलं होतं, चार दिवसांत विसरतील. नवसीचा नवरा भाताच्या बांधाला बांबूचा सापळा लावतो ना, मासा मजेत आत शिरतो आणि परत फिरायला गेला की कामट्या टोचतात, तसं माझं झालं. पाहुणे येतात, सर मला पुढे करतात आणि मी तो काप कसा सापडला हे सांगतो. पंचवीस-तीस वेळा तरी सांगितलं असेल. आता तर मधे कुठं थांबायचं तेही तोंडात बसलंय. मला एकच आशा होती, की कोळशाचं वय काढायला ते मुंबईला पाठवतील आणि माझं भांडं आपोआप फुटेल. पण तपासणीत वस्तू जळून जाते, म्हणून सरांनी काप जपून ठेवला आणि त्याच थरातलं लाकूड पाठवलं. लाकूड खरंच जुनं आहे. कित्येक हजार वर्षांचं, असा गेल्या महिन्यात निकाल आला आणि ते सगळं वय त्या कापालाही मिळालं. सरांनी पेढे वाटले. माझा पेढा मी कागदात गुंडाळून खिशात घातला, विश्राम.

तेही पचवलं असतं. पण परवा सरांनी कांदे कापणाऱ्या नवसीच्या हातांचे फोटो काढले आणि कौतुकाने तिला काचेच्या डबीतला तो काप दाखवला. तिने तो उजेडात धरला, हसली आणि तिच्या बोलीत म्हणाली, मराठीत लिहायचं तर असं: ‘ह्यो माझ्या कोयत्याचा हाय. धारंला खाच पडलीय, परत्येक कापावर रेघ उटते, बग.’ तिने नुकताच कापलेला कांदा शेजारी धरला. रेघ तशीच होती. सरांना तिचं बोलणं समजत नाही, ते मला म्हणाले की काय म्हणते ही? मी सांगितलं, आम्हीही असंच करतो म्हणते. नवसीला आपली बोली सोडून दुसरी येत नाही, पण सर खूश होऊन मान हलवू लागले तेव्हा मी तिचं बोलणं बदललं हे तिला कळलं. डबी खाली ठेवून ती कांद्यांची टोपली उचलून गेली. मला रोज चार काप पानात बांधून देणारी बाई, त्या दिवसापासून माझ्यापुढून जाते आणि पाहत नाही.

पुढच्या आठवड्यात पुण्याला विद्वानांची सभा आहे. सर तो काप घेऊन जातील आणि त्यांच्या चाळीस वर्षांच्या कामावर, खऱ्या तिवरांवर न् खऱ्या बियांवर, माझा खोटेपणा कायमचा बसेल. तीनदा त्यांच्यापुढे उभा राहिलो, तीनदा चहा हवा का विचारून परतलो. तोंडावर सांगायची माझी छाती होत नाही. म्हणून हे पत्र मी तुला लिहिलं. ते मी बंद करणार नाही. उद्या सकाळी उघडंच सरांच्या टेबलावर ठेवीन, कोरं पाकीट आणि तुझा पत्ता बाजूला, आणि वर चिठ्ठी, की आधी आपण वाचावं, मग पाकिटावर पत्ता आपल्या हाताने लिहून ते टपालात टाकावं. ते मला काढतील, काढायलाच हवं. हे तुझ्या हातात आलं असेल, तर पाकीट पुन्हा एकदा बघ. वरचं अक्षर माझं नाही.

क्षमा मागायला अजून न धजलेला,
तुझाच
नागोराव