पाताळात उतरलेली लेक

पप्पा,

तुमच्या हाताखाली शिकलेली ती मुलगी नागापूरच्या त्याच कारखान्यात आता माझ्या शेजारच्या लाइनवर आहे. तुम्हाला जाऊन आठ वर्षं झाली, तरी तिची निम्मी वाक्यं अजून 'काका म्हणायचे' अशीच सुरू होतात. महिन्यापूर्वी चहाच्या सुट्टीत तिने एक जाडजूड कादंबरी माझ्यासमोर ठेवली. ग्रीक पुराणकथांवर बेतलेली. "वाच की. लई भयाण पुस्तक हाय. यातली मेलेली माणसं आपल्या मॅनेजरपेक्षा बरं बोलत्यात."

तीन रविवारांत वाचली. त्यात एक मुलगी मेलेल्या बापाला भेटायला पाताळात उतरते. मृतांना नदीपार नेणारा नावाडी भाडं म्हणून तिचा आवाज मागतो. ती देते. पलीकडे बाप भेटतो, पण तिथलं पाणी पिऊन तो बरंच विसरलेला असतो. तिच्याकडे बघून विचारतो, "माझ्याकडे होड्या बांधायला शिकायची, ती पोरगी कुठंय?" 'मी तुमची लेक' एवढंही तिला सांगता येत नाही. मी पुस्तक मिटलं. लेकीची दया आली नाही. त्या दुसरीचा राग आला.

मी सातवीत आहे. ओट्यावर तुमचा मायक्रोमीटर पडलाय आणि मी त्यात पोळीची जाडी मोजतेय. तुम्ही तो हिसकावून घेता. "खेळणं नाही ते. हात लावायचा नाही." आई म्हणते, "मोजू द्या की, पोळ्या जाड होतात म्हणून तुम्हीच कुरकुरता." तुम्ही हसत नाही. तो मायक्रोमीटर आज तिच्या टेबलावर असतो. तुम्ही स्वतःहून तिला दिलात. दर तीन महिन्यांनी तो तपासून सही मी करते. त्यात चूक निघत नाही. मी मात्र दर वेळी शोधते.

काल तिने विचारलं, "झालं का गं वाचून?" "अर्धं राहिलंय," म्हणाले. खोटं. शेवटी ती लेक वर येते, त्या दुसरीला शोधते आणि स्वतः तिला नदीपर्यंत सोडते. मला ते जमलं नव्हतं. तुमच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही दोनदा तिची चौकशी केलीत. ती आलीही होती, शिफ्ट संपवून, तशीच गणवेशात. मी दारातच उभी राहिले आणि म्हणाले, "झोपलेत." तुम्ही आत जागे होता. तुम्हाला हे लिहिणं सोपं आहे, कारण तुम्हाला ते माहीत असणार. तिला अजून सांगितलेलं नाही.