बेवारस दांडी

प्रिय राणीसरकार,

पत्र बघून घाबरू नकोस, कुणी मेलेलं नाही. माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला, लावून लावून वाच. फोन तू उचलत नाहीस, म्हणून बसले लिहायला. पाकिटावर पाठवणाऱ्याच्या जागी आपल्या लाँड्रीचं नाव घातलंय. तुझ्या नव्या घरात कुणी विचारलं तर कपड्यांचं काहीतरी आहे म्हणून सांग. ते अगदीच खोटं नाही.

बातमी म्हणशील तर मी वाचायला लागलेय. हसलीस ना? हस. तुझ्या बटणला शाळेतून दर आठवड्याला गोष्टीचं पुस्तक मिळतं आणि ते घरच्यांनी वाचून दाखवायचं, असा बाईंचा हुकूम आहे. घरचं म्हणजे मी. चौथीत शाळा सुटली तेव्हापासून कपड्यांवरचे नंबर सोडून काही वाचलं नव्हतं. आता अक्षराला अक्षर जोडत बसते. मांडीवर बसून तुझी लेक म्हणते, आजी, तू वाचतेयस की इस्त्री करतेयस, एकाच जागी किती वेळ! जीभ कुणाची घेतलीय ते वेगळं सांगायला नको.

सध्या एका अस्वलाच्या पिल्लाचं पुस्तक चाललंय, बटण ते परतच करू देत नाही. पिल्लू हरवतं. मग ते पोस्टमनची टोपी घालतं, खलाशाचा कोट घालतं, कुणाचा फ्रॉक घालतं आणि प्रत्येक घरात जाऊन मी तुमचाच म्हणतं. लोक जेवायला घालतात, मग शेपटी दिसली की हाकलतात. शेवटच्या पानावर ते सगळे कपडे काढून थंडीत बसतं आणि आई येऊन त्याला ओळखते. चित्रं झकास आहेत. पण अस्वलीण इतके दिवस होती कुठे, हे लिहिणाऱ्यानं अख्ख्या पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही. मी दोनदा उलटून पाहिलं. बटणला ते शेवटचं पान इतकं आवडायचं की एका बैठकीत तीनतीनदा वाचून घ्यायची.

बटणही सोंगं करते, ते तुझ्यापासूनच आलंय म्हणा. आपली बेवारस दांडी आठवते? लोक टाकून जातात आणि परत न्यायला येत नाहीत ते कोट, सूट, गाऊन मागच्या भिंतीशी एका दांडीला. शाळा सुटली की तू त्यात घुसायचीस. एकदा कुणाचातरी मखमली गाऊन अंगात घालून दुकानात आलीस, मालक ओरडले, तर हात पुढे करून म्हणालीस, या माणसाचं डोकं उडवा. मालकांनी मान खाली घालून पुढे केली होती, उडवा सरकार. तेव्हापासून तू राणीसरकार. ते आता फार थकलेत, पण तुझं नाव निघालं की अजून मानेवरून हात फिरवतात. मीही हसायचे. पोरगी राणी होतेय, होऊ दे, असं वाटायचं.

बटण राणी होत नाही. डॉक्टर होत नाही, चोरसुद्धा होत नाही. ती कोट होते. तुला आठवत असेल, नंबराची चिठ्ठी फाडून अर्धी कपड्याला टाचायची आणि अर्धी गिऱ्हाइकाला द्यायची ही आपली पद्धत. तर ही दांडीवरच्या एका जुन्या कोटाची चिठ्ठी काढून स्वतःच्या फ्रॉकला पिनेनं टाचायची आणि त्या कोटांच्या मधे हात खाली सोडून उभी राहायची. हलायची नाही. मी म्हटलं, अगं, माणसासारखं काहीतरी हो की! तर म्हणाली, बोलू नकोस, मी दांडीवर आहे, मला न्यायला येणारेत. कोण गं येणार? दुसरा तुकडा आईकडे आहे ना. मी इस्त्रीची वाफ सोडली, तिच्या फुसफुसाटात काही बोलावं लागत नाही.

आता कान देऊन ऐक. मालकांची एक रीत तुला ठाऊक आहे. वर्ष होऊन गेलं की कपडा देऊन टाकतात, पण त्याआधी गिऱ्हाइकाला एक शेवटचं कार्ड टाकतात. कुणी येत नाही. पण मागे एक बाई आल्या, काठी टेकत, फार दिवस आजारी होत्या म्हणे, कार्ड मिळालं आणि आल्या. पर्समधून अर्धी चिठ्ठी काढली. मालक दांडीवर नंबर शोधायला गेले, तर नंबरच चालत बाहेर आला. केस कोटांना घासून उभे राहिलेले. बाईंच्या हातातला तुकडा तिनं आपल्या छातीवरच्या तुकड्याला लावून पाहिला. फाटलेली कड कडेला बरोबर बसली. तेव्हा तिचं तोंड कसं झालं ते मी लिहू शकत नाही, तेवढी मी शिकलेली नाही. म्हणाली, आईनं पाठवलं ना तुम्हाला? थांबा हं, मी चप्पल घालून दप्तर घेऊन येते. आणि पळाली आत.

बाई माझ्याकडे बघतायत, मालक नाक शिंकरतायत, आणि माझ्या हाताखाली कुणाचीतरी कॉलर करपली. इतक्या वर्षांत पहिली. ती दप्तर अडकवून आली तेव्हा मलाच सांगावं लागलं. माझी सांगायची तऱ्हा तुला माहीत आहे, गोंजारणं मला येत नाही. सरळ म्हटलं, बटण, त्या कोट न्यायला आल्यात. तिनं दप्तराचा पट्टा खांद्यावर नीट केला. मग पिन काढली, चिठ्ठी बाईंच्या हातात दिली आणि म्हणाली, तुमचा कोट तिकडे, तपकिरी. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं.

तेव्हापासून दांडीकडे जात नाही. अस्वलाचं पुस्तक अजून मागते, पण शेवटचं पान आलं की हात ठेवते, पुरे म्हणते. आणि आता मला हाक मारते ती आई म्हणून. आई, भूक लागली. आई, वेणी घाल. मी दर वेळी खेकसते, आजी म्हण. ती पुन्हा आईच म्हणते. कुणासाठी खेकसते मी? ती जागा तुझी आहे म्हणून धरून ठेवलीय. तिकडे सांगितलेलं नाही गं मूल आहे म्हणून, हे तू शेवटच्या फोनवर म्हणालीस, तेव्हाच मला कळायला हवं होतं की जागा रिकामी झाली. थोडे दिवस सांभाळ म्हणून ठेवून गेलीस त्यालाही आता वर्ष उलटून गेलं.

तर हे पत्र नाही, ते कार्ड आहे. मालक कार्डावर लिहितात, आपला कपडा आमच्याकडे सुरक्षित आहे, महिनाअखेर नेला नाहीत तर जबाबदारी आमची नाही. माझं थोडं वेगळं आहे. तुझी लेक माझ्याकडे सुरक्षित आहे, महिनाअखेर आली नाहीस तर जबाबदारी माझी. मग ती आई म्हणाली की मी ओ देणार. त्यानंतर कधी उगवलीस तर तुला काय म्हणायचं ते तिचं ती ठरवेल, मी मधे पडणार नाही. तू येशील असं मला वाटत नाही. त्या बाई आल्या, पण त्या कोट विसरल्या नव्हत्या, आजारी होत्या. कार्ड टाकायचं असतं म्हणून टाकतेय.

महिनाअखेरपर्यंत तुझीच,
आई